लकव्यानंतर माणूस गप्प का होतो?

मागच्या अंकात आपण रक्तदाबावर लिहिलं होतं. त्यानंतर विहारात, बचत गटाच्या बैठकीत, दवाखान्याच्या रांगेत ज्या वाचक भगिनी भेटल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी आम्हाला जवळजवळ एकच गोष्ट विचारली. घरातल्या माणसाला लकवा मारला. दवाखान्यात दहा-पंधरा दिवस काढले, उसनेपासने केले, माणूस वाचला, घरी आला. पाय थोडा टेकवायलाही लागला. आणि आता तो बोलत नाही. ताट पुढे ठेवलं तर दोन घास खाऊन सरकवतो. फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलेली कसरत करत नाही. नातू जवळ आला तरी तोंड भिंतीकडे. "ते मुद्दाम करतात का हो असं?"

मुद्दाम करत नाहीत. बहुतेक वेळा हा आजार असतो. त्याला लकव्यानंतरचं नैराश्य म्हणतात, डॉक्टर मंडळी पोस्ट स्ट्रोक डिप्रेशन म्हणतील. जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले, तर लकवा होऊन गेलेल्या दर तीन माणसांपैकी साधारण एकाला पुढच्या काही वर्षांत हे नैराश्य गाठतं, आणि पहिल्या वर्षात धोका जास्त असतो. म्हणजे आपल्या गल्लीत लकव्याचे सहा पेशंट असतील, तर त्यातले दोघे आतून खचलेले असण्याची शक्यता आहे. त्यांच्या कागदांवर मात्र हात, पाय, रक्तदाब, साखर एवढंच लिहिलेलं असतं. मनाचं कोणी विचारलेलं नसतं, आणि आपणही सांगितलेलं नसतं.

"कमावता हात गेला, संडासलासुद्धा दुसऱ्याने न्यावं लागतं, मग दुःख होणारच की," असं कोणी म्हणेल. ते खरंच आहे, आणि त्या दुःखाला आम्ही कमी लेखत नाही. पण तेवढंच नाही. या नैराश्याचा काही भाग खुद्द मेंदूत, लकव्याच्या त्याच दिवशी सुरू झालेल्या नासधुशीतून येतो, असं संशोधकांना वाटतं. त्या नासधुशीतली एक मोठी गोष्ट म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. नाव अवघड आहे, गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे.

खवट तेल आणि मेंदू

तेलाची बाटली उघडी राहिली, उन्हात राहिली, की तेल खवट होतं. शेंगदाण्याचं कूट जुनं झालं की त्याला वास येतो. हवेतल्या ऑक्सिजनने त्यातल्या स्निग्ध पदार्थाची मोडतोड केलेली असते. पावसाळ्यात छपराचा पत्रा गंजतो तीही त्याच जातीची क्रिया. आपल्या शरीरातही हे सतत चालू असतं. पेशी अन्न जाळून शक्ती तयार करतात, त्यासाठी ऑक्सिजन वापरतात, आणि ते करताना थोडे अर्धवट, चिडके कण बाहेर पडतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. चूल नीट पेटली तरी थोडा धूर होतोच, तसं. हा धूर निस्तरायला शरीराने आपली माणसं नेमलेली असतात: काही एन्झाइम असतात, ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो, अन्नातून येणारी क आणि ई जीवनसत्त्वं असतात. धूर जास्त आणि निस्तरणारे कमी अशी स्थिती झाली, की तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. यातल्या 'स्ट्रेस'चा मनाच्या टेन्शनशी थेट संबंध नाही. हा पेशींवरचा ताण आहे.

मेंदू या बाबतीत फार नाजूक. त्याचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू घेतो. शिवाय त्यातलं पाणी बाजूला ठेवलं तर निम्म्याहून जास्त ऐवज स्निग्ध पदार्थांचा, तोही लवकर खवट होणाऱ्या प्रकारचा. आणि धूर निस्तरणारी यंत्रणा यकृताच्या मानाने तोकडी.

आता लकवा म्हणजे काय ते पाहू. बहुतेक लकवे रक्तवाहिनीत गुठळी अडकून होतात, उरलेले रक्तवाहिनी फुटून. मोठी वाहिनी बंद पडली आणि उपचार मिळाला नाही, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक हिशोब २००६ साली मांडला गेला. गुठळीमागच्या भागात चूल विझत जाते, ओल्या लाकडाने धुमसावी तशी पेशी धुमसते. मग गुठळी विरघळली, रक्त परत आलं, की एकदम मिळालेल्या ऑक्सिजनाबरोबर फ्री रॅडिकलचा लोंढा उठतो. (म्हणून गुठळी विरघळवू नये असा अर्थ कोणी काढू नका. रक्त परत आलं नाही तर तो भाग मरतोच. ते इंजेक्शन लकवा झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोबडी वळली की १०८ ला फोन करायचा. पारव्याचं रक्त चोळण्यात आणि अंगारा लावण्यात हेच तास जातात.) रक्तस्रावाच्या लकव्यात सांडलेल्या रक्तातलं लोह हेच काम करतं.

हा लोंढा पेशींची आवरणं अक्षरशः खवट करतो. तेल खवट झालं का हे तपासताना प्रयोगशाळा जे पदार्थ मोजतात, त्यातला एक मॅलोनडायाल्डिहाइड. तोच पदार्थ लकव्याच्या पेशंटच्या रक्तातही वाढलेला सापडतो.

हे मनापर्यंत कसं पोचतं

मन शांत राहायला, झोप लागायला, गोडी वाटायला मेंदू सेरोटोनिन नावाचं रसायन वापरतो. ते तयार होतं ट्रिप्टोफॅनपासून, जे आपल्याला डाळ, शेंगदाणे, अंडी, मासे यातून मिळतं. लकव्यानंतर मेंदूत सूज येते. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस सूज वाढवतो, सूज पुन्हा फ्री रॅडिकल वाढवते. या सुजेत ट्रिप्टोफॅन सेरोटोनिनच्या वाटेने न जाता दुसऱ्याच वाटेला वळतं, आणि त्या वाटेवर तयार होणारे काही पदार्थ चेतापेशींना त्रासच देतात. सेरोटोनिन बनवणाऱ्या एन्झाइमला एक मदतनीस लागतो, तो मदतनीसही फ्री रॅडिकलपुढे टिकत नाही. तिसरी गोष्ट, चेतापेशींना नवे फाटे फोडायला, एकमेकींशी पुन्हा जोडून घ्यायला एक प्रथिन खतासारखं लागतं; तेही कमी पडतं. कसरत केल्यावर हात परत यायचा तो याच नव्या जोडण्यांमुळे. म्हणून खचलेलं मन आणि न उचलला जाणारा हात या दोन वेगळ्या तक्रारी समजू नयेत.

यातलं सगळं सिद्ध झालं आहे असं आम्ही म्हणणार नाही. काही अभ्यासांत असं दिसलं की पुढे ज्यांना मानसिक त्रास झाला, त्यांच्या रक्तात या नासधुशीच्या खुणा आधीच जास्त होत्या. लकवा नसलेल्या नैराश्याच्या पेशंटमध्येही अशा खुणा वाढलेल्या सापडतात. पण दोन गोष्टी सोबत सापडल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असं होत नाही. खचलेला माणूस विडी जास्त ओढतो, कमी खातो, झोपत नाही, हलत नाही, आणि यानेही त्या खुणा वाढतात. चाक दोन्ही बाजूंनी फिरतं. मेंदूच्या अमुक बाजूला लकवा झाला की नैराश्य येतंच, असा एक विचार बरीच वर्षं मांडला जात होता. २००० साली सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा त्याला आधार मिळाला नाही. तेव्हा डावा लकवा, उजवा लकवा यावरून अंदाज बांधत बसू नका. आणि कोणी लॅबवाला "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची टेस्ट करून घ्या" म्हणाला तर पैसे देऊ नका. ती संशोधनाची चाचणी आहे. तिच्यावरून तुमच्या माणसाचा उपचार ठरत नाही.

मग एवढं सगळं सांगितलं कशाला? कारण घरात बोलणं कशावरून सुरू होतं, ते यावर ठरतं. "बाबा, तुम्हीच हिंमत सोडली, आम्ही काय करणार?" हे वाक्य आम्ही फार घरांत ऐकतो. मुलगा ते प्रेमानेच म्हणतो. पण ज्याच्या मेंदूत हिंमत बनवणारी रसायनंच आटली आहेत, त्याला ते चाबकासारखं लागतं. साखर वाढली म्हणून आपण कोणाला आळशी म्हणत नाही. हे त्याच हिशोबात धरायला हवं.

ओळखायचं कसं

दोन प्रश्न विचारा, शांतपणे, चार माणसं बसलेली नसताना. "गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश वाटतं का?" आणि "आधी जे आवडायचं, त्यात आता रस वाटत नाही, असं झालंय का?" दोन्हीपैकी एकाचं उत्तर हो आलं, तर डॉक्टरांना सांगायचं. दवाखान्यातही सुरुवात अशाच दोन प्रश्नांनी करतात.

लकव्यात अडचण अशी की बऱ्याच जणांची वाचा गेलेली असते. त्यांना विचारता येत नाही, मग बघावं लागतं: जेवण तुटलं का, पहाटे तीनला उठून बसतात का, कसरतीच्या वेळी डोळे मिटून घेतात का, टीव्हीवर आवडती मॅच लागली तरी बघत नाहीत का. पुरुषांमध्ये उदासपणा पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने येतो. ताट फेकलं, बायकोला शिवी दिली, की सगळे म्हणतात स्वभाव बिघडला. आजीच्या बाबतीत उलटं होतं. आजी कोपऱ्यात गप्प पडून असते, कोणाला त्रास देत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

आणखी एक वेगळा प्रकार आहे, त्याची गल्लत होते. काही पेशंट कारण नसताना एकदम रडू लागतात, किंवा हसू लागतात, थांबवता येत नाही, आणि दोन मिनिटांत पुन्हा पूर्ववत. विचारलं तर म्हणतात, मला दुःख वाटत नव्हतं. हे नैराश्य नाही; मेंदूतला रडण्या-हसण्याचा लगाम सैल झालेला असतो. त्यालाही औषध आहे. करणी झाली, बाधा झाली म्हणून कोणाच्या पायावर नेऊन घालायची गरज नाही.

"मी मेलो असतो तर बरं झालं असतं" असं माणूस म्हणाला, तर "असं बोलू नये" म्हणून विषय बंद करू नका. सरळ विचारा, जीव द्यावा असं वाटतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उंदराचं औषध, फिनाइल, गोळ्यांचा साठा त्याच्या हाताशी ठेवू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारची टेलिमानस ही फोन सेवा २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. दिवस-रात्र, फुकट, मराठीत बोलता येतं, आणि पेशंटच्या घरच्यांनीही फोन केला तर चालतो.

डब्यातली पावडर

इथे आम्हाला जरा कडक लिहावं लागणार आहे. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा शब्द डॉक्टरांच्या आधी विक्रेत्यांनी वस्तीत आणला. घरोघरी येऊन हजार-दोन हजाराचा डबा गळ्यात मारणारे एजंट "यात अँटीऑक्सिडंट आहे, लकवा मुळापासून जातो" असं सांगतात. बरेचदा ते आपलेच नातेवाईक असतात, त्यामुळे नाही म्हणता येत नाही.

ऐकायला पटतं: ऑक्सिडेशनने नासधूस झाली, तर अँटीऑक्सिडंट घेतलं की भरून निघेल. मोठमोठ्या संशोधकांनाही हे पटलं होतं. फ्री रॅडिकल पकडणारं एक औषध लकव्याच्या पहिल्या तासांत देऊन पाहिलं. २००६ च्या पहिल्या चाचणीत थोडा फायदा दिसला. मग तीन हजारांहून जास्त रुग्णांवर दुसरी मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २००७ ला आला: फायदा शून्य. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं तर आणखी वाईट. एक लाखाहून जास्त लोकांवरच्या चाचण्यांची माहिती २०१० मध्ये एकत्र केली, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत गुठळीचा लकवा थोडा कमी, पण रक्तस्रावाचा लकवा २२ टक्क्यांनी जास्त आढळला. एडाराव्होन नावाचं एक औषध आहे, जपानमध्ये २००१ पासून आणि आपल्याकडेही काही ठिकाणी लकव्याच्या सुरुवातीच्या दिवसांत सलाइनमधून देतात. ते दवाखान्यात द्यायचं औषध आहे आणि नैराश्यावरचं नाही. मन उभारी धरेल असं अँटीऑक्सिडंट आज कुठल्याही डब्यात मिळत नाही. त्या हजार रुपयांत महिन्याची फळं, अंडी आणि ओपीडीला जायचं रिक्षाभाडं निघतं.

अन्नाची गोष्ट वेगळी. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, चवळी, मोड आलेली मटकी हे सगळं खावं. स्वस्त आहे, बाजारात मिळतं, बद्धकोष्ठही सुटतं. फक्त रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव वॉरफेरिन किंवा एसिट्रोम असेल, तर पालेभाजीचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. सुकट, बोंबील, खारा मासा, पापड, लोणचं यावर मात्र हात आखडता घ्यावाच लागेल, कारण मिठाने रक्तदाब वाढतो आणि दुसरा लकवा तिथूनच येतो. आपल्या घरात हे सांगणं सोपं नाही, सुकटीच्या नुसत्या वासाने भाकर जाते. पण उकळत्या पाण्यातून दोनदा काढून, पाणी फेकून, वरून मीठ न घालता, कधीतरी एखाद्या दिवशी, एवढ्यावर तडजोड होऊ शकते.

बाहेरून येणारा धूर तेवढा कमी करता येतो. विडी-सिगारेटचा प्रत्येक झुरका फ्री रॅडिकल थेट आत नेतो. पेशंट ओढत नसेल आणि मुलगा त्याच खोलीत ओढत असेल, तरी तेच. मिशरी आणि गुटख्याचा धूर होत नाही, पण तंबाखू तोच, रक्तदाब चढवणारा. गल्लीच्या टोकाला रोज संध्याकाळी कचरा आणि टायर जळत असतील, तर पेशंटची खाट त्या बाजूच्या खिडकीपासून हलवा आणि कचरा जाळण्याची तक्रार महिला मंडळाने मिळून वॉर्ड ऑफिसात द्या.

उपचार आहे, आणि तो लागू पडतो

नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दल वस्तीत दोन टोकं दिसतात. एक, ती वेड्यांची गोळी, सवय लागते. दुसरं, लकवा झाला की सगळ्यांनाच सुरू करा. ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांना सहा महिने फ्लुओक्सेटिन किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देऊन एक मोठी चाचणी झाली. गोळी घेणाऱ्यांत नैराश्य कमी जणांना आलं. पण हात-पाय काही जास्त सुधारले नाहीत, आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून सरसकट सगळ्यांना देत नाहीत. ज्याला नैराश्य आहे, त्याला मात्र ती द्यावी लागते आणि तिचा उपयोग होतो. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम थांबवूही नका. गुठळीसाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो.

गोळीबरोबर बोलणं आणि हलणं. समुपदेशकाशी बोलणं, आणि रोजची कसरत. कसरतीने शरीराची स्वतःची धूर निस्तरणारी एन्झाइम वाढतात, हे आता चांगलं माहीत झालं आहे. कुठल्याही डब्यापेक्षा हे अँटीऑक्सिडंट खात्रीचं. खचलेल्या माणसाला "अर्धा तास करा" सांगून उपयोग नाही. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, कोणीतरी सोबत बसून. नातवाला मोजायला बसवा.

एसआरएच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणारे, लिफ्ट बंद असलेले पेशंट महिनोन्महिने खाली उतरत नाहीत. इथे मंडळाच्या पोरांनी काहीतरी करावं असं आम्हाला फार वाटतं. जयंतीला एवढा मोठा देखावा खांद्यावर नेणारी पोरं रविवारी एका काकांना खुर्चीसकट विहारात आणू शकतात. वंदनेला बसतील, चार माणसं "काय काका, कसे आहात" विचारतील. विपश्यना, आनापान कोणाला जमत असेल तर अवश्य करावं, मात्र गोळीच्या जागी नाही.

आणि जी सेवा करते तिचंही बघा. बहुतेक घरांत ती बायको असते, नाहीतर सून, आणि ती चार घरची धुणीभांडी करून येऊन हे करते. तिची झोप, तिचा रक्तदाब कोण तपासतं? आठवड्यातून दोन दुपारी नणंदेने, जावेने, शेजारणीने पेशंटजवळ बसलं, तर ती सुटते.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला, सोबत जुने कागद घ्या. डॉक्टरांकडे दोन मिनिटं असतात, तेव्हा पहिलंच वाक्य हे ठेवा: "डॉक्टर, लकव्यानंतर दोन आठवड्यांपासून यांचं मन लागत नाही, जेवण-झोप कमी झाली आहे, नैराश्य आहे का बघा." कागदावर ते लिहून घ्या. तिथे सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागाची चिठ्ठी मागा. तुम्ही आत असताना पेशंट बाहेर बाकावर बसलेला नको, त्यालाही आत न्या आणि हे त्याच्यासमोरच बोला.